चोर नळीतच होता

भिवंडीच्या पॉवरलूम शेडमध्ये जुन्या ट्यूबलाइटची टोकं काळी पडलेली दिसतात. ती काजळी नव्हे. इलेक्ट्रोडवरून सुटलेला धातू काचेवर बसलेला असतो. असाच उडालेला धातू एका जुन्या चोरीतला साथीदार निघाला.

1858. बॉनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ युलियस प्ल्यूकर काचकारागीर गाइसलरने घडवलेल्या काचनळ्यांतून वीज सोडत होता. नळी पक्की बंद, कुठे भेग नाही, तरी आतला वायू घटत होता! 1895 नंतर क्ष-किरणांच्या नळ्यांनी डॉक्टरांनाही असंच छळलं. वायू विरळ होत जाई आणि शेवटी नळीतून वीज जाईनाशी होई. 1910 मध्ये पॅरिसला निऑनचे दिवे झळकवणाऱ्या जॉर्ज क्लोदने इलेक्ट्रोडच मोठे केले. धातू कमी उडाला, नळ्या टिकल्या. इलाज सापडला, पण गेलेला वायू होता कुठे? निऑन, क्रिप्टॉन तर सहसा कुणाशी संयोग न पावणारे वायू.

दाबमापक फक्त घट सांगे, ठिकाण नाही. किरणोत्सारी अणूंना खुणेसारखं वापरायची युक्ती हेवेशी आणि पानेट या रसायनशास्त्रज्ञांनी 1913 मध्येच दाखवली होती; अणुभट्ट्या आल्यावर त्यासाठी क्रिप्टॉन-85 मिळू लागला. युरेनियमच्या विखंडनातून निघणाऱ्या या वायूचं अर्धायुष्य सुमारे 10.7 वर्षं. (अंधारातही दिवा चटकन पेटावा म्हणून ट्यूबलाइटच्या काही स्टार्टरमध्येही तो किंचित घालत.)

प्रयोग दिसायला साधा. नळीतल्या वायूत क्रिप्टॉन-85 चा अंश मिसळायचा, वीज चालू ठेवायची, मग उरलेला वायू पंपाने पार उपसून काढायचा आणि किरणोत्सार मोजणारा काउंटर लावायचा. नळी रिकामी, तरी काउंटर बोलतोच! नळी फोडून तुकडे फोटोफिल्मवर ठेवले की पत्ताच उमटतो: वायू बाहेर गेलेलाच नाही. विजेने वेग दिलेले आयन काचेत आणि धातूत घुसून बसतात, वर उडालेल्या धातूचा थर चढतो आणि ते गाडले जातात. संयोगाची गरजच नाही, नुसती धडक पुरते.

ही कैद मात्र कायमची नसते. नळी तापवली की काही वायू सुटतो. नव्या आयनांची धडकही जुन्यांना उखडून बाहेर काढते. आत शिरणारे आणि सुटणारे सारखे झाले, की घट थांबते. धातूचा नवा थर चढत राहिला, तर मात्र ती चालूच राहते.