लेक नाटकात काम करते म्हणाली तर?



शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली की लेक घरी येऊन सांगते, “आई, मला नाटकात घेतलंय.” आपल्या तोंडून लगेच निघतं, “अभ्यास कर आधी, नाटकं कसली करते?” त्यात शेजारपाजारचं बोलणं. पण नाही म्हणण्याआधी हे वाचा.

एक खरं नाटक बघू. महात्मा जोतिराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं. गरोदर बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून जोशी खर्चात पाडतो. शेवटी नवरा-बायको रात्रीच्या शाळेत शिकायचं ठरवतात. समजा, आपल्या गावची नववीची मुलं हे नाटक बसवतात. काय काय शिकतील?

मराठी : संवाद पाठ करताना जुने शब्द अडतात. अर्थ कळल्याशिवाय ते नीट बोलता येत नाहीत. समोरच्याचं ऐकून मग बोलायचं, हीही सवय लागते.

इतिहास : १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा का काढावी लागली, हे पात्र व्हायचं तर समजून घ्यावंच लागतं.

गणित : आज असा खर्च ५,००० रुपये कर्ज काढून केला तर? सावकाराचा दर महिना शेकडा ५ धरला, तर मुद्दल तसंच ठेवून वर्षाचं व्याज ३,००० रुपये. गटाच्या शेकडा २ दरानं १,२०० रुपये. हा हिशोब तर तुम्हीच लेकीला शिकवाल!

विज्ञान : ग्रह सूर्याभोवती फिरतात, ते कुणाच्या घरावर कोपत नाहीत. गरोदर बाईला गरज असते तपासणीची, सकस आहाराची आणि लोहाच्या १८० गोळ्यांची. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तर श्वास पोटातून घ्यावा लागतो, हेही शरीराचंच शास्त्र.

आणि हे आपल्याला परकं नाही. नर्सी ही संत नामदेवांची भूमी. कीर्तन-भारूड ऐकतच आपण मोठ्या झालो. न शिकलेल्या आजीलाही त्यातून किती कळलं!

सगळ्यात मोलाचं म्हणजे तोंड उघडणं. गटाच्या पहिल्या बैठकीत स्वतःचं नाव सांगताना आपले पाय कसे लटपटले होते, आठवतं ना? बँकेत साहेबापुढं बोलायला किती वर्षं लागली? लेकीला ते चौदाव्या वर्षीच जमू द्या. चारचौघांत बोलायला शिकलेली पोरगी उद्या “मला शिकायचंय, अठराच्या आत लग्न नको” हेही बोलू शकेल. तेव्हा तिच्या पाठीशी आपण उभं राहायचं. गरज पडली तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहेच.

मात्र नाटकानं पुस्तकाचा अभ्यास आपोआप होत नाही. त्यासाठी एवढं करा :

- तालमीची वेळ गुरुजी-बाईंना विचारून घ्या. अंधार पडणार असेल तर मुलींना घरी सोडायची पाळी आयांनी वाटून घ्या.
- संवाद घरी म्हणून घ्या. वाचता येत नसलं तरी ऐका.
- तालमीच्या दिवसांत घरकाम थोडं कमी सांगा. मुलालाही भांडी घासू द्या.
- प्रयोगाला गटातल्या सगळ्याजणी पुढच्या रांगेत बसा.

पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की दहा मिनिटं हा विषय घ्या. आपल्या शाळेत मुली नाटकात आहेत का? नसतील, तर का नाहीत?