समदुःखी माणसाचा सल्ला

‘ज्याचे जळते त्याला कळते’ असे आपल्याकडे म्हणतात. दुखणे, नोकरीतली ओढाताण, घरातली कुरबुर यांपैकी काही वाट्याला आले की, माणूस प्रथम डॉक्टराकडे किंवा वकिलाकडे जात नाही. तो त्याच वाटेने पूर्वी गेलेल्या ओळखीच्या माणसाकडे जातो. आम्ही शिक्षकी पेशातली माणसे. मुलांच्या अभ्यासाची चौकशी करावयास आलेले पालक उठता उठता घरची अडचणही बोलून जातात, आणि त्यांना आधी कोणी काय सांगितले तेही आमच्या कानांवर येते. त्यावरून आमचे असे मत झाले आहे की, असा सल्ला घेण्याची रीत चांगली आहे. मात्र त्यातले काय घ्यावे आणि काय घेऊ नये हे कळावयास हवे.

समदुःखी माणसाच्या बोलण्यात एक निराळे बळ असते. अमेरिकेतील ॲक्रन या शहरी १९३५ साली बिल विल्सन हा शेअरबाजारातला मनुष्य आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद यांची भेट झाली. दोघेही दारूच्या आहारी गेलेले. विल्सनची दारू सुटली होती. ती सुटलेलीच राहावी म्हणून आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाशी बोलण्याची त्याला गरज वाटत होती. त्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही मंडळी उभी राहिली. दारूचे दुष्परिणाम डॉ. स्मिथना ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? ते स्वतः डॉक्टर होते. परंतु त्यांना आजवर उपदेश मिळाला होता, अनुभव मिळाला नव्हता. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही व्यसनातून बाहेर आलेली माणसे नव्याने आलेल्यांना धीर देतात. शेजारच्या गोव्यात तर खिन्नतेने ग्रासलेल्या गर्भवतींकडे साध्यासुध्या आयांनाच थोडे शिक्षण देऊन पाठविण्यात आले. सावरलेल्या स्त्रियांचे प्रमाण त्यामुळे वाढलेले आढळले, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नमूद आहे.

अशा माणसाकडून घ्यावे ते ‘कसे जगावे’ याचे ज्ञान. अंथरुणाला खिळलेल्या सासूला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे डॉक्टर सांगतात. पण रात्री ते काम घरातल्या दोघांत कसे वाटून घ्यावे, चादर ओढून माणूस कसा वळवावा, आणि स्वतःची चिडचिड कशी आवरावी, हे ज्या सुनेने दोन वर्षे केले तीच सांगू शकते. निवृत्तीनंतर कोणता कागद आधी जोडावा, वारसाचे नाव वेळीच कसे घालून घ्यावे, हेही नुकता निवृत्त झालेला माणूस जितके नीट सांगेल तितके दुसरा कोणी सांगणार नाही.

घेऊ नये ते औषधाविषयीचे मत. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना क्षय झाला. क्षयाचा उपचार सामान्यतः सहा महिन्यांचा असतो. परंतु काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, वजन वाढते आणि माणसाला आपण बरे झालो असे वाटू लागते. तिसऱ्या महिन्यात एका मित्राने सांगितले, “आता ठणठणीत दिसतोस, उगाच गोळ्या कशाला?” गोळ्या बंद झाल्या. उरलेल्या जंतूंनी पुन्हा डोके वर काढले, नेहमीची औषधे त्यांच्यावर चालेनात, आणि अधिक लांबीचा, अधिक त्रासाचा उपचार पदरी पडला. मुलगा ते वर्ष शाळा सोडून दुकानात बसला. मित्राच्या मनात वाईट नव्हते. त्याने आपला प्रांत सोडला एवढेच. पुढे त्या गृहस्थांना तडीस नेले तेही एका समदुःखी माणसानेच. त्याच गल्लीतला एक शिंपी, स्वतः पूर्ण उपचार घेऊन बरा झालेला, रोज संध्याकाळी येऊन बसे आणि म्हणे, “मलाही मळमळे, डॉक्टरांना विचारले, त्यांनी उपाय सांगितला. तुम्हीही विचारा.”

उपवासाचेही असेच आहे. रमजानचे रोजे असोत की एकादशी, मधुमेही माणूस दुसऱ्या मधुमेह्याला विचारतो, “तुम्ही गोळी केव्हा घेता?” एकाची गोळी दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. इन्सुलिन आणि काही गोळ्या यांमुळे उपाशीपोटी रक्तातील साखर ७० च्या खाली उतरू शकते. घाम, थरथर, भोवळ ही त्याची लक्षणे. अशा वेळी उपवास ताबडतोब सोडून साखर घेतली पाहिजे. आजाऱ्याला रोज्यातून सवलत दिलेलीच आहे. म्हणून रमजानपूर्वीच आपल्या डॉक्टराशी बोलावे. शेजाऱ्याला विचारावे ते एवढेच की, सहरीला काय खाल्ले असता दिवस निभावतो.

सल्ला मागणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. हे तुमच्यावर गुदरले आहे की ऐकीव आहे? तुमची परिस्थिती माझ्यासारखीच होती काय? आणि हे माझ्या बाबतीत चुकले तर काय बिघडेल? बिघाड भरून येण्यासारखा असेल तर करून पाहावे. नसेल तर जाणत्याकडे जावे.

सल्ला देणाऱ्यानेही काही पथ्ये पाळावीत. आधी पूर्ण ऐकावे. ‘असे करा’ म्हणण्यापेक्षा ‘मी असे केले, त्याचे असे झाले’ म्हणावे. ऐकलेले चार भिंतींबाहेर नेऊ नये. एकदा बोभाटा झाला की, तो माणूस पुन्हा कोणापाशीच तोंड उघडीत नाही. आणि आपला प्रांत संपला की तसे स्पष्ट सांगावे. छातीत कळ, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे यांत सल्लामसलत नको. १०८ ला फोन करून गाडी बोलवावी. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी काढली तर त्याला एकटे सोडू नये. सरकारची १४४१६ ही मनःस्वास्थ्याची सेवा फोनवर विनामूल्य मिळते. घरात मारहाण होत असेल तर स्त्रियांसाठी १८१ आहे.

आमच्या घरच्या बोलीत सल्ल्याला ‘मशवरा’ म्हणतात. त्यात एकाने सांगावे आणि दुसऱ्याने मान डोलवावी असा अर्थ नाही. दोघांनी मिळून विचार करावा असा आहे. आपल्या ट्रस्टने आजवर फीची, पुस्तकांची, औषधांची मदत केली. आता महिन्यातून एक संध्याकाळ ट्रस्टच्या सभागृहात अशी बैठक भरवावी, असे आम्ही सुचवितो. एकदा मधुमेह्यांची, एकदा आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या आयाबहिणींची, एकदा नोकरी गेलेल्या तरुणांची. आणि मधूनमधून शंका फेडावयास एखादा डॉक्टर किंवा वकील असावा. खर्च म्हणाल तर चहाचा. सभासदांत बरे होऊन उठलेली, कर्ज फेडून मोकळी झालेली, विस्कटलेले घर पुन्हा सावरलेली कितीतरी माणसे आहेत. त्यांचे अनुभव हीही ट्रस्टची ठेवच होय. ती पडून राहू नये.