हलत्या देहाचे व्यक्तिचित्र

जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९२ च्या सुमारास पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना एकाच चित्रात रंगवले, तेव्हा चित्रविषय झालेल्याने स्थिर बसायचे, चित्रकाराने ठरवायचे आणि इतरांनी नंतर पाहायचे, हीच व्यक्तिचित्रणाची रीत होती. आंतरक्रियात्मक कलेने, म्हणजे प्रेक्षकाच्या हालचालींनुसार जागच्या जागी बदलणाऱ्या कलेने, ही रीत मोडली; तिच्यात पाहणारा आणि चित्रित होणारा एकच असतो आणि तो दूर झाला की चित्रही पुसले जाते.

डॅनियल रोझिन यांच्या १९९९ मधील ‘वुडन मिरर’ या कलाकृतीत लाकडाचे ८३० चौकोनी तुकडे असून प्रत्येकामागे एक छोटी मोटर आहे. कॅमेऱ्याने टिपलेली प्रतिमा संगणक करड्या छटांत बदलतो आणि तिच्या एकेका भागाच्या उजळपणानुसार तुकडे कलवतो. प्रकाश वरून पडत असल्याने वर कललेला तुकडा उजळ, तर खाली झुकलेला काळसर दिसतो, आणि समोरच्या माणसाचा चेहरा खडखडाट करत लाकडात उमटतो.

मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी २००७ मध्ये केलेल्या ‘शॅडो ३’ मध्ये चेहराही उरत नाही. अशा रचनांत साधारणपणे रिकाम्या जागेच्या प्रतिमेची ताज्या प्रतिमेशी तुलना करून बदललेला भाग वेगळा काढतात आणि त्यातून मिळणारी बाह्याकृती पडद्यावर सावलीसारखी टाकतात. गुप्ता यांच्या कलाकृतीत दोरीवरून घसरत आलेल्या वस्तूंच्या सावल्या प्रेक्षकाच्या सावलीला चिकटतात, साचत जातात आणि अंग झटकूनही सुटत नाहीत. माणूस स्वतःच्या हालचालींचा धनी असला, तरी त्या हालचालींचे काय होणार हे आधीच लिहिलेला संगणकीय नियम ठरवतो. आत्मप्रतिमेविषयी इतके नेमके विधान रंगवलेल्या चित्राला क्वचितच साधते.

त्यामुळे खरे व्यक्तिचित्र पडद्यावर नसून त्या नियमात आहे, असेच म्हणावे लागते. कॅमेरा आणि संगणक जुने होतात, सुटे भाग मिळेनासे होतात, आणि नियमाची नोंद नसेल तर उरलेली छायाचित्रे ही कलाकृती परत उभी करू शकत नाहीत. पुण्यातील संग्रहालयांनी आणि कला महाविद्यालयांनी अशी कामे संग्रही घेताना यंत्रासोबत त्याची आज्ञावली आणि कलावंताच्या शब्दांतील नियमही जपावेत.