हॉर्स पॉवर, घाट आणि घरचा हिशेब

ट्रकवाल्या घरातल्या पोरांना पाढ्यांच्या आधी गाड्यांचे आकडे पाठ होतात. बारा-दहा, सोळा-तेरा, पंचवीस-अठरा. भिवंडी असो, मालेगाव असो, मिरज असो की चिपळूण, आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची चूल ट्रकच्या चाकावर पेटते. कुणी मालक, कुणी ड्रायव्हर, कुणी मिस्त्री, कुणी पाटे बसवणारा, कुणी बॉडी बांधणारा. अशा घरांतल्या बुजुर्गांना आम्ही एकच प्रश्न विचारत गेलो : तुमची सगळ्यांत आवडती गाडी कोणती? उत्तर एका शब्दात कुणीच दिले नाही. चहाचे दोन कप झाल्याशिवाय कुणी थांबलेही नाही.

आधी त्या आकड्यांचा उलगडा करू, कारण घरातल्या बायकांनी तो वर्षानुवर्षे ऐकलेला असतो, पण समजावून कुणी सांगितलेला नसतो. टाटाच्या गाडीवर १२१० लिहिले असेल तर पहिले दोन आकडे वजनाचे, म्हणजे गाडी आणि माल मिळून १२ टन. पुढचे दोन ताकदीचे : १० म्हणजे साधारण १०० हॉर्स पॉवर. १६१३ म्हणजे १६ टन आणि १३०. २५१८ म्हणजे २५ टन आणि १८०. ५५३० म्हणजे ५५ टनांचा ट्रेलर ओढणारी ३०० हॉर्स पॉवरची गाडी. दारात उभ्या असलेल्या ट्रकने किती वजन घ्यावे, हे त्याच्या नावातच लिहिलेले असते.

बुजुर्गांच्या आठवणीत पहिला मान 'मर्सडीज'चा. टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. १९६९ पर्यंत त्यांच्या तोंडावर तीन टोकांचा तारा होता. करार संपला, तारा गेला, तरी कित्येक वर्षे ड्रायव्हर त्या गाडीला मर्सडीजच म्हणत राहिले. त्यानंतर पुढे नाक काढलेली बारा-दहा. दक्षिणेकडे धंदा करणारे मात्र लेलँडची बाजू सोडत नाहीत. एका घरात तर सासरे टाटावाले आणि जावई लेलँडवाले, त्यामुळे ईदच्या शिरखुर्म्यासोबत हा वाद दरवर्षी वाढला जातो, असे तिथल्या आपाने आम्हाला हसत सांगितले.

लहान गाड्यांचे प्रेम वेगळेच. १९८६ साली आलेली ४०७ आजही खेड्यापाड्यांत दिसते. २००५ साली आलेला 'छोटा हाथी', म्हणजे टाटा एस, हा पुण्यात घडलेला. त्याचे इंजिन दोन सिलिंडरचे आणि जेमतेम १६ हॉर्स पॉवरचे, पण पाऊण टन माल घेऊन तो बोळातून निघतो. ज्यांच्याकडे मोठ्या गाडीची ऐपत नव्हती अशा कितीतरी तरुणांना त्याने मालक बनवले. आणि 'टेम्पो' या शब्दाची गंमत तर सांगायलाच हवी. जर्मनीतल्या हँबुर्गजवळच्या एका कंपनीच्या तीनचाकी गाडीचे ते नाव. पुण्याच्या बजाज टेम्पोने ती इथे आणली, आणि आज कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी आपल्याकडे टेम्पोच असते.

आता ताकदीबद्दल. एक हॉर्स पॉवर म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याइतके काम. साध्या मोटारीच्या इंजिनातही ८० हॉर्स पॉवर असते आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये ५०. मग मोटार ट्रॉली का ओढत नाही? पोरे हा प्रश्न हटकून विचारतात. मोटारीचे इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेरे फिरते तेव्हा कुठे ती ताकद पूर्ण निघते. ट्रॅक्टरचे इंजिन दोन हजारांच्या आसपासच पूर्ण जोर देते, त्याचे गिअर तो जोर आणखी वाढवून चाकाला देतात, आणि मागची जड, उंच चाके जमीन घट्ट धरतात. या पिळाच्या जोराला टॉर्क म्हणतात. थांबलेले वजन हलवायला टॉर्क लागतो. हलवलेले वजन चढावर वेगात न्यायला हॉर्स पॉवर. मिस्त्री लोक पहिल्याला 'उठाव' म्हणतात, आणि त्याहून नेमका शब्द आम्हाला सापडला नाही.

घाटात हे सगळे उघडे पडते. समजा वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढणारा रस्ता आहे. बारा-दहा गाडी नियमाप्रमाणे १२ टनांची भरली, तर उतार तिला सुमारे ६०० किलोच्या जोराने मागे खेचतो. टायरचे घर्षण धरून ७२० किलो म्हणा. इंजिनच्या १०० हॉर्स पॉवरपैकी ८० चाकापर्यंत पोहोचले, तर गाडी ताशी ३० किलोमीटरने चढेल. तीच गाडी १८ टन भरली की वेग २० वर येतो. दहा किलोमीटरच्या चढाला वीस मिनिटांऐवजी अर्धा तास, आणि तो सगळा वेळ इंजिन पूर्ण जोरावर. डिझेल दीडपट, रेडिएटर उकळलेला, क्लच जळाल्याचा वास. मागे लागलेल्या रांगेच्या शिव्या त्याहून वेगळ्या.

पण चढ हा घाटाचा सोपा भाग आहे. कमी ताकदीची गाडी चढावर फार तर बंद पडेल. उतारावर तिला थांबवायचे असते. वजन दीडपट झाले की उतारावर ब्रेकना गिळावी लागणारी उष्णताही दीडपट होते, ब्रेकचे ड्रम मात्र तेवढेच राहतात. तापलेले लायनर पकड सोडतात. पाय तळापर्यंत जातो आणि गाडी धावतच राहते. म्हणून जुने उस्ताद नव्या पोराला पहिला धडा हाच देतात : ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेकवर भार कमी येतो.

याच्या अगदी उलट सवय म्हणजे डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिनच बंद करणे. इंजिन बंद झाले की ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि स्टिअरिंग दगडासारखे जड होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. उतारावर इंजिन बंद केल्याची बाब त्या वेळी तपासात पुढे आली होती. कात्रजच्या नव्या बोगद्यातून त्या पुलाकडे येणारा उतार लांब आहे, आणि गाडी चालवणाऱ्याला तो डोळ्यांनी तितका तीव्र वाटत नाही.

रेल्वेने हे कधीच ओळखले. कर्जतहून लोणावळ्याकडे चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिने लावतात, आणि उतारावर सुटलेली गाडी अडवायला बोरघाटात चढावर नेणारे बाजूचे रूळ टाकलेले आहेत. ट्रकला मागून ढकलणारे कुणी नसते.

उसाच्या हंगामात सांगली-कोल्हापूरकडे गेलो की ओढण्याचे आणखी एक गणित दिसते. ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढतो खरा, पण कित्येक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टरचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या वजनाच्या हिशेबाने केलेले. चढावर मागचा भार इतका होतो की पुढची चाके उचलली जातात, आणि उचललेल्या चाकांनी वळता येत नाही. रात्री मागे लाल रिफ्लेक्टरही नसतो. गाण्यांचा आवाज मात्र एक कोसावरून येतो. त्या स्पीकरच्या पैशात चार रिफ्लेक्टर येतील.

मग सगळे कळत असूनही गाडी जास्त का भरली जाते? आम्ही जिथे जिथे हे विचारले, तिथे बोलता बोलता गोष्ट इंजिनवरून हप्त्यावर आली. भाडे टनावर ठरते. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता यांचा खर्च नियमाच्या वजनातच निघालेला असतो, त्यामुळे वरचा प्रत्येक टन हा वरकड नफा वाटतो. कर्जावर गाडी घेतलेल्याला महिन्याच्या ठरल्या तारखेला हप्ता भरायचा असतो; मग तो नफा राहत नाही, गरज होते. २०१८ मध्ये सरकारने वजनाची मर्यादा वाढवली : दोन ॲक्सलच्या ट्रकची १६.२ वरून १८.५ टन, तीन ॲक्सलची २५ वरून २८.५. काही महिन्यांत नव्या मर्यादेवरही जादा माल चढू लागला. आता पकडले गेले तर दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. एका फेरीत महिन्याची कमाई जाते, आणि हप्ता तसाच उभा राहतो.

एका अन्सारी सहाबींच्या बागेतला उंट प्रेषित मुहम्मद (स.) यांना पाहून रडू लागला, ही हदीस बहुतेक घरांत मुलांना सांगितली जाते. मालक त्याला उपाशी ठेवतो आणि कामाने थकवतो, ही त्याची तक्रार होती, आणि प्रेषितांनी मालकाला त्याबद्दल समज दिली. ट्रक रडत नाही. पण त्याच्या केबिनमध्ये कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी शोहर बसलेला असतो, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवर एखादे अख्खे कुटुंब.

हप्त्यात व्याज असते, हा प्रश्न आपल्या घरांत वेगळाच सलतो. काही भावंडांनी काढलेला मार्ग आम्हाला पटला. तिघांनी पैसे घातले, चौथा गाडी चालवतो, नफा आधी ठरलेल्या हिश्शाने वाटतात. पैसे एकाचे आणि मेहनत दुसऱ्याची असेल तर त्याला मुदारबा म्हणतात. त्यात हयगय नसताना झालेले पैशाचे नुकसान पैसेवाला सोसतो, मेहनत करणाऱ्याची मेहनत जाते. सगळ्यांनीच भांडवल घातले तर मुशारका, आणि तोटा भांडवलाच्या प्रमाणात. भाऊ-भाऊ आहोत, कागद कशाला, असे म्हणून पुढे अबोला धरलेली घरेही आम्ही पाहिली. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. स्टॅम्प पेपरची लाज वाटायचे कारण नाही.

अशा भागीदारीत बहुधा मोठी नवी गाडी येत नाही. छोटा हाथी येतो किंवा जुनी ४०७ येते. येऊ द्या. आमचे मत स्पष्ट आहे : हप्त्याच्या धाकाने चालणाऱ्या २५ टनी गाडीपेक्षा स्वतःच्या पैशाचा पाऊण टनी टेम्पो घराला जास्त झोप देतो.

नव्या गाड्यांची बाजूही सांगायला हवी. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा इंजिने आली. धूर खूप घटला, ताकद वाढली, पण डिझेलबरोबर युरियाचे पाणी भरावे लागते, आणि ते संपले की कॉम्प्युटर इंजिनची ताकद आपोआप कमी करतो. हातोडी-पान्यावर शिकलेल्या मिस्त्रींना आता लॅपटॉप लावल्याशिवाय रोग कळत नाही. त्यांची पोरे तो शिकत आहेत, ही चांगली गोष्ट. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. मे महिन्यात इंजिनशेजारी बसून आठ-दहा तास काढणाऱ्याला त्याची किंमत विचारा. रमजान उन्हाळ्यात आला की लांब पल्ल्याचे ड्रायव्हर दुपारी स्टिअरिंगवर डुलक्या घेतात. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत अल्लाहने दिलेली आहे, ती घेण्यात कमीपणा नाही. घरच्यांनीही फोनवर तसे सांगावे, आणि जेवणाबरोबर आज किती टन भरले आहे, हेही विचारावे.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी मिस्त्रींनी दिलेली थोडी माहिती. गाडी सकाळी थंड असताना चालू करून पाहा; गरम इंजिन आपले दुखणे लपवते. तेल घालायचे झाकण उघडल्यावर जोराचा धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेलेल्या समजा. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर पुढे बोलूच नका. चॅसीवर वेल्डिंगचे टाके आणि पाट्यांत नवी जादा पाने दिसली, तर ती गाडी आयुष्यभर वजनापेक्षा जास्त भरली गेली आहे. चढावर नेऊन पाहा, आणि उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये सोडून ती इंजिनवर धरते का तेही पाहा. शेवटी कागद. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका, विकणारा कितीही जवळचा नातेवाईक असला तरी.