न हलणाऱ्या वस्तूंचे शास्त्र : फोंडाघाट ते राधानगरी

सह्याद्रीच्या पायथ्याशी, कणकवली तालुक्यात वसलेले फोंडाघाट हे गाव देवगड–निपाणी रस्त्यावर आहे. तेथून निघालेली वाट वळणे घेत घाट चढते, दाजीपूरच्या रानातून पुढे सरकते आणि राधानगरीवरून कोल्हापूर मुलखात उतरते. या वाटेने जाणाऱ्याचे लक्ष दरीकडे असते, पावसाळ्यात धबधब्यांकडे असते, पण रस्त्याला डोंगराच्या अंगावर धरून ठेवणाऱ्या भिंतींकडे सहसा जात नाही. कारण त्या हलत नाहीत, आणि न हलणारी वस्तूही अहोरात्र काही करीत असते ही गोष्ट मनुष्याच्या ध्यानी सहजासहजी येत नाही. या न हलण्याचा विचार करणारे जे शास्त्र, ते स्थितिशास्त्र. त्यातील उदाहरणे विद्यार्थ्यांना अवघड वाटतात आणि त्याचे खापर समीकरणांवर फुटते. वास्तविक समीकरणे मोजकी व सरळ असतात, आणि घात होतो तो एखादे बल हिशेबात धरावयाचे राहून गेल्यामुळे. हे विधान शाळेतल्या फळ्यापुरते नव्हे, मोठमोठ्या धरणांनाही लागू आहे.

या शास्त्राची वंशावळ दीर्घ आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने तरफेचा नियम सिद्ध केला. कोकणातल्या आगरांत विहिरीवर जी लाट असे, एका टोकास दगड आणि दुसऱ्या टोकास पोहरा, तिचे सारे मर्म त्या नियमात आहे. उतारावरील वजनाचा प्रश्न मात्र पुढे अनेक शतके रेंगाळला. तो १५८६ साली नेदरलँड्समधील सायमन स्टेविनने त्रिकोणी ठोकळ्यावर गोळ्यांची माळ टाकून सोडविला : माळ आपोआप फिरत राहणे अशक्य, म्हणून दोन्ही उतारांवरील ओढ सारखीच असली पाहिजे, इतका साधा त्याचा युक्तिवाद. १६८७ साली न्यूटनचा महाग्रंथ आणि फ्रान्समधील व्हारिन्यों याची नव्या यंत्रशास्त्राची रूपरेषा अशी दोन पुस्तके निघाली, आणि दोन बलांची बेरीज समांतरभुज चौकोनाने करण्याची रीत पक्की झाली. कुलोम हा लष्करी अभियंता मार्टिनिक बेटावर किल्ल्याचे बांधकाम करून परतला, आणि १७७३ साली त्याने पॅरिसच्या अकादमीपुढे मातीचा भिंतीवर पडणारा दाब काढून दाखविला. घाटातल्या भिंतींचे गणित तेथून सुरू होते. पुढे १८०३ साली प्वांसोने बलयुग्माची कल्पना मांडून या इमारतीवर कळस चढविला.

आता रीत पाहू. प्रथम ज्या वस्तूचा विचार करावयाचा ती मनाने भोवतालापासून विलग करावी आणि एकटीच काढावी. मग तिला कोण कोण स्पर्श करीत आहे याची यादी करावी, कारण स्पर्श करणारी प्रत्येक गोष्ट तिच्यावर बल लावण्यास समर्थ असते : दोरी ओढील, जमीन रेटील, खडबडीत पृष्ठ घासून अडवील. स्पर्शावाचून लागणारे बल बहुधा एकच, ते तिचे वजन. यादी पुरी झाली की जमाखर्च मांडावा : क्षितिजसमांतर दिशेची बेरीज शून्य, उभ्या दिशेची बेरीज शून्य, आणि कोणत्याही एका बिंदूभोवती सर्व परिबलांची बेरीज शून्य. एका प्रतलातील उदाहरणात अशी तीनच समीकरणे मिळतात. परिबलांसाठी बिंदू निवडताना मात्र थोडे चातुर्य हवे. ज्या बिंदूतून अधिकांत अधिक अज्ञात बले जातात तो घेतला, तर ती सारी एका फटक्यात समीकरणातून गळून पडतात.

दिवाळीचाच दाखला घेऊ. दोन खांबांना बांधलेल्या दोरीच्या मध्यावर दोन किलो वजनाचा आकाशकंदील टांगला आहे. दोरीच्या दोन्ही बाजू क्षितिजाशी ३० अंशांचा कोन करीत असतील, तर प्रत्येक बाजूचा ताण दोन किलोच्या वजनाइतका भरतो. कंदील झोळ पाडतो म्हणून कोणी दोरी ओढून घट्ट केली आणि कोन ५ अंशांवर आला, तर तोच ताण सुमारे साडेअकरा किलोंवर जातो. दोरी अगदी सरळ ताणण्याची हौस निसर्ग कधीच पुरवीत नाही. आडव्या दोरीला वर उचलणारा घटक नसल्यामुळे त्यासाठी ताण अनंत लागेल.

शिडीचे उदाहरण याहून फसवे. जमिनीशी ६० अंशांचा कोन करून गुळगुळीत भिंतीला टेकलेली हलकी शिडी घ्या. चढणारा मध्यावर असताना ती न घसरण्यासाठी जमिनीशी घर्षणगुणांक ०.२९ असला तरी पुरतो, पण तोच मनुष्य शेवटच्या पायरीवर पोचला की ०.५८ लागतो. शेवाळलेल्या जांभ्यावर तो कोठून मिळणार? म्हणूनच अर्ध्यापर्यंत निमूट उभी राहिलेली शिडी वर गेल्यावर दगा देते. येथे विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रमाद असा की घर्षण म्हणजे गुणांक गुणिले लंबप्रतिक्रिया, असे ते सरसकट लिहून टाकतात. घर्षण गरजेपुरतेच असते. तो गुणाकार ही त्याची कमाल मर्यादा होय.

भिंतीकडे वळले म्हणजे विषयाला गांभीर्य येते. भिंतीमागील माती स्वतःच्या अंतर्गत घर्षणाने आपला बराचसा भार पेलते आणि उरलेलाच भिंतीवर टाकते. परंतु मागे पाणी साचले की हिशेब पालटतो, कारण पाण्याच्या अंगी असे घर्षण नाही. तीन मीटर खोल साचलेले पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीवर साडेचार टनांचा रेटा देते. म्हणून घाटातील भिंतींना पाणी निघून जाण्यास भोके ठेवण्याचा शिरस्ता आहे. चुन्यावाचून रचलेला कोकणातला गडगा धो धो पावसातही उभा राहतो याचे एक कारण त्याच्या फटींत आहे : पाणी त्यांतून झिरपून जाते, साचून रेटा देत नाही.

धरणात मात्र पाणी अडविणे हाच हेतू. खोली दुप्पट झाली की रेटा चौपट होतो, आणि तो तळापासून एक तृतीयांश उंचीवर लागत असल्याने उलथविणारे परिबल आठपट. पाण्याकडील बाजू उभी असलेल्या, त्रिकोणी छेदाच्या, पाण्याच्या २.४ पट घनतेच्या बांधकामात कोठेही ताण उद्भवू नये, तर दहा मीटर उंचीला तळाची रुंदी सुमारे साडेसहा मीटर हवी, असे साधे गणित सांगते. पण पाणी पायातील भेगांत शिरून बांधकामास खालून वर उचलू लागले, तर तीच रुंदी सुमारे साडेआठ मीटर लागते. हे खालचे बल एकोणिसाव्या शतकातील अनेक अभियंत्यांनी धरलेच नव्हते. फ्रान्समधील बुझे येथील धरण एप्रिल १८९५ मध्ये फुटले, ऐंशीहून अधिक माणसे मेली, आणि त्यानंतरच या उचलीचा गांभीर्याने विचार होऊ लागला. तेथे गुणाकार चुकला नव्हता. आकृतीत एक बाण कमी होता.

घाट चढून गेल्यावर भोगावतीवरील राधानगरीचे धरण लागते. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत काम सुरू झाले, मध्यंतरी तहकूब राहिले आणि स्वातंत्र्योत्तर काळात तडीस गेले. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात. अशा दरवाजांचे मूलतत्त्व समतोलाच्या उदाहरणाचेच : एकीकडे पाण्याने दिलेले परिबल, दुसरीकडे प्रतिभाराचे. पातळी ठरावीक मर्यादेखाली असते तोवर प्रतिभार वरचढ. मर्यादा ओलांडली की तोल फिरतो, पातळी उतरली की पूर्ववत होतो. पुण्यात शिकून १८८३ साली अभियंता झालेल्या विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला १९०३ साली स्वयंचलित दरवाजे बसविले, तेव्हापासून महाराष्ट्राला या युक्तीची ओळख आहे.

तीन समीकरणांची सत्ता अमर्याद नाही, हेही नमूद केले पाहिजे. चार पायांच्या टेबलाच्या कोणत्या पायावर किती भार, हे केवळ समतोलाच्या नियमांनी ठरत नाही. त्यासाठी पाय किती दबतात याची दखल घ्यावी लागते, आणि तो मार्ग नाव्हिएच्या १८२६ च्या व्याख्यानांनी प्रशस्त केला. अज्ञाते किती आणि समीकरणे किती, याचा ताळा आरंभीच पाहण्याची सवय म्हणूनच हितावह.

फोंडाघाटाच्याच जिल्ह्यातील, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढून भौतिक विद्या मराठीतून सांगण्याचा पायंडा पाडला. त्या परंपरेत आज एका सुधारणेची गरज आहे. परीक्षेत उत्तराच्या आकड्यास जितके गुण, तितकेच विलग वस्तूच्या आकृतीस द्यावेत, आणि प्रत्येक बाणाखाली तो कोणी लावला हे लिहिण्याची सक्ती असावी. ज्या बलाचा कर्ता दाखविता येत नाही ते कल्पित, आणि जो स्पर्श यादीत आला नाही तो धोक्याचा. एवढे ज्याच्या हाताला वळण लागले, त्याने सोडविलेल्या भिंतीखालून निर्धास्त जाण्यास हरकत नाही.