क्योतो ते नागासाकी : वेगवान आगगाडीचा पहिला प्रवास

आमच्या गावांतील मुलेमुली आता नोकरीधंद्यानिमित्त दूरदूरच्या देशांत जाऊन राहिली आहेत. जरा स्थिरस्थावर झाली की ती आईवडिलांस बोलावतात, तिकिटेही पाठवू म्हणतात. परंतु पुष्कळ घरांतून उत्तर जाते ते असे : "आता ह्या वयात कोठे येऊ? विमानात कोणी बसवून देईल, कोणी उतरवून घेईल. पण तिकडच्या त्या वाऱ्यासारख्या धावणाऱ्या गाड्यांत आमचा कसा निभाव लागणार?" ह्या धास्तीपायी कित्येक आईबाप आपल्या लेकराचा संसार डोळ्यांनी न पाहताच राहतात. ज्याची माहिती नाही त्याची भीती वाटावी, हे स्वाभाविक आहे. म्हणून अशा एका प्रवासाची सविस्तर माहिती वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

ह्यासाठी आम्ही जपान देश निवडला. अतिवेगवान प्रवासी आगगाडी जगात प्रथम तेथेच सुरू झाली, हे एक कारण. दुसरे कारण आपल्या अधिक जवळचे आहे.

इ. स. १५९७ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, चोवीस ख्रिस्ती कैद्यांस क्योतो शहरात डाव्या कानाचा तुकडा कापून धिंड काढून फिरविण्यात आले आणि तेथून नागासाकीस नेण्यात आले. वाटेत आणखी दोघे त्यांस मिळाले. ह्या सव्वीस जणांत वसई येथे जन्मलेले फ्रान्सिस्कन संघाचे बंधू संत गोन्सालो गार्सिया हे होते. तो खडतर प्रवास सुमारे महिनाभर चालला, आणि ५ फेब्रुवारी रोजी नागासाकीच्या टेकडीवर त्या सर्वांस क्रुसावर देहदंड झाला. त्यापूर्वी अर्धशतक, १५४९ च्या १५ ऑगस्टला, गोव्याहून निघालेले संत फ्रान्सिस झेवियर कागोशिमा बंदरात उतरले होते आणि पुढे ऐन हिवाळ्यात क्योतोपर्यंत गेले होते. आज क्योतोहून नागासाकीस आगगाडीने पाच तासांच्या आत-बाहेर पोहोचता येते.

ही गाडी कशी जन्मास आली

जपानी भाषेत ह्या मार्गास 'शिन्कान्सेन' म्हणतात. त्याचा अर्थ 'नवा मुख्य लोहमार्ग'. टोकियो ते शिन-ओसाका हा पहिला मार्ग १ ऑक्टोबर १९६४ रोजी, टोकियोतील ऑलिंपिक सामन्यांच्या नऊ दिवस आधी, खुला झाला. त्यासाठी जागतिक बँकेने १९६१ साली आठ कोटी डॉलरांचे कर्ज दिले होते. रेल्वेचे अध्यक्ष सोगो शिंजी आणि मुख्य अभियंता शिमा हिदेओ ह्या दोघांनी हे काम हट्टाने तडीस नेले. खर्च मूळ अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला, आणि १९६३ साली दोघांनाही पद सोडावे लागले. ज्यांनी हे झाड लाविले, त्यांपैकी एकही उद्घाटनाच्या दिवशी अधिकारपदावर नव्हता.

जपानचे जुने रूळ अरुंद, १,०६७ मिलिमीटर अंतराचे. नव्या मार्गासाठी १,४३५ मिलिमीटर अंतराचे वेगळे रूळ घातले गेले. ह्या मार्गावर मालगाडी धावत नाही आणि रस्ता ओलांडणारे एकही फाटक नाही. एका इंजिनाने सारे डबे ओढण्याऐवजी डब्याडब्याखाली विजेच्या मोटारी बसविल्या. ताशी दोनशे किलोमीटरांच्या वेगात रुळाकाठचा सिग्नल चालकास नीट दिसणार नाही, म्हणून किती वेगाने जावे ही सूचना थेट त्याच्यासमोर उमटते. वेग अधिक झाल्यास गाडी आपोआप मंदावते. आरंभी वेग ताशी २१० किलोमीटर होता. आज ह्या मार्गावर तो २८५ पर्यंत व ओसाकाच्या पलीकडे ३०० पर्यंत जातो.

"इतक्या वेगात काही झाले तर?" हा प्रश्न घरोघर विचारला जातो. १९६४ पासून आजतागायत टक्कर होऊन किंवा गाडी रुळांवरून घसरून शिन्कान्सेनमधील एकही प्रवासी मृत्यू पावलेला नाही. जपान हा भूकंपांचा देश आहे; म्हणून जमिनीचा पहिला हादरा टिपताच वीज तोडून गाड्या थांबविणारी यंत्रणा बसविलेली आहे. २३ ऑक्टोबर २००४ च्या नीगाता भागातील मोठ्या भूकंपात एक गाडी रुळांवरून घसरली, परंतु आतील कोणाचाही जीव गेला नाही.

तिकीट व पैशांचा हिशेब

नवख्या माणसाचा पहिला गोंधळ तिकिटापाशी होतो, कारण तेथे बहुधा एका प्रवासाची दोन तिकिटे मिळतात : एक अंतराच्या भाड्याचे, दुसरे जलद गाडीच्या अधिभाराचे व आसनाचे. फलाटाकडे जाणाऱ्या यंत्राच्या दारात दोन्ही एकत्र घालावी लागतात. पलीकडे ती परत बाहेर येतात आणि ती आठवणीने उचलून घ्यावीत. शेवटच्या स्थानकावर मात्र यंत्र ती ठेवून घेते. तिकिटावर तारीख, गाडीचे नाव व क्रमांक, सुटण्याची वेळ, डबा आणि आसन हे सर्व छापलेले असते. यंत्रावर इंग्रजी भाषा निवडता येते. तेही जमत नसेल तर तारीख, वेळ व स्थानकाचे नाव कागदावर लिहून खिडकीवर द्यावे, काम होते.

टोकियोहून शिन-ओसाकापर्यंत राखीव आसनाचे एका वेळचे भाडे साधारणतः चौदा ते पंधरा हजार येन पडते. परदेशी पाहुण्यांसाठी सात, चौदा किंवा एकवीस दिवसांचा रेल्वे पास मिळतो, आणि "तो घेतलाच पाहिजे" असे पुष्कळजण सांगतात. पूर्वी ते खरेही होते. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासाची किंमत ५०,००० येन झाली. टोकियो-ओसाका जाऊन येण्यास तीस हजारांपेक्षा कमी लागत असताना पन्नास हजारांचा पास घेणे म्हणजे मुलाच्या घामाचा पैसा वाया घालविणे होय. शिवाय 'नोझोमी' नावाच्या सर्वांत जलद गाडीस ह्या पासावर वेगळी भर द्यावी लागते. म्हणून कोठे कोठे जायचे ते आधी ठरवावे, भाड्यांची बेरीज करावी, आणि मगच पासाचा विचार करावा.

स्थानकाच्या नावातील एक अक्षरही महत्त्वाचे आहे. 'शिन' म्हणजे नवे. ओसाका व शिन-ओसाका ही दोन निरनिराळी स्थानके आहेत, आणि शिन्कान्सेन फक्त दुसऱ्यावर थांबते. क्योतोत मात्र जुनी व नवी गाडी एकाच स्थानकात मिळते.

फलाटावर आणि गाडीत

फलाटावर प्रत्येक डब्याचा क्रमांक लिहिलेला असतो आणि डब्याचे दार नेमके तेथेच येते. आपल्या क्रमांकापाशी रांगेत उभे राहावे. मधल्या स्थानकांवर गाडी एक-दोन मिनिटेच थांबते. म्हणून उतरण्याच्या वेळी पाच मिनिटे आधीच सामान हाती घेऊन दाराजवळ यावे. वयस्क माणसांसोबत असलेल्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. एक जण उतरला व दुसरा आत राहिला, असे होता कामा नये. तसे घडलेच तर जो उतरला त्याने त्याच फलाटावर थांबावे, जो आत राहिला त्याने पुढील स्थानकावर उतरून तेथील कर्मचाऱ्यास सांगावे, असे घरूनच ठरवून निघावे.

राखीव आसनाची गाडी चुकली तरी घाबरण्याचे कारण नाही. साधारणपणे त्याच दिवशीच्या पुढच्या गाडीच्या बिनराखीव डब्यात त्याच तिकिटावर बसता येते. गाडी सुटण्यापूर्वी एकदा वेळ विनामूल्य बदलूनही मिळते. नववर्षाच्या व मोठ्या सुट्यांच्या गर्दीच्या दिवसांत मात्र 'नोझोमी'चे सर्व डबे राखीव असतात.

सामान थोडे घ्यावे. ज्या पेटीची लांबी, रुंदी व उंची मिळून १६० सेंटिमीटरांहून अधिक भरते, तिच्यासाठी डब्याच्या मागील बाजूचे विशेष आसन आधी राखावे लागते. हा नियम मे २०२० पासून आहे. जड पेटी एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी पोहोचविणारी घरपोच सेवाही तेथे आहे. पेटी बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते.

टोकियोहून निघणाऱ्याने 'ई' अक्षराचे आसन मागावे. ते उजव्या खिडकीजवळ येते, आणि आकाश निरभ्र असल्यास पाऊण तासाच्या आसपास फुजी पर्वत दिसतो. क्योतो व ओसाकाच्या 'नोझोमी' व 'हिकारी' गाड्यांतील साध्या डब्यांत फिरता फराळ विकणे ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाले. म्हणून फलाटावरूनच डबा घ्यावा. त्यात भात, मासळी, लोणचे व भाजी सुबकपणे मांडलेली असते. भात-मासळीवर वाढलेल्या आमच्या माणसांस तो परका वाटू नये. आसनावर बसून जेवणे तेथे शिष्टसंमत आहे. दूरध्वनीवर मोठ्याने बोलणे मात्र नाही. बोलायचेच असेल तर दोन डब्यांमधील मोकळ्या जागेत जावे. टोकियो स्थानकात परत फिरणारी गाडी सात मिनिटांत झाडून-पुसून, आसने उलट दिशेस फिरवून तयार करणारे कामगार असतात. त्यांचे काम सोपे व्हावे म्हणून प्रवासी आपला कचरा स्वतः नेऊन टाकतात. आपणही तसेच करावे.

नागासाकीपर्यंत

क्योतोहून 'नोझोमी' सुमारे पावणेतीन तासांत हाकाता येथे पोहोचते. वाटेत समुद्राखालून जाणारा १८.७ किलोमीटरांचा शिन-कान्मोन बोगदा लागतो. हाकाताहून साध्या रुळांवरील 'रिले कामोमे' गाडी घ्यावी. तासाभरात ताकेओ-ओन्सेन येते. तेथे समोरच्याच फलाटावर 'कामोमे' ही शिन्कान्सेन उभी असते. जिना चढावा लागत नाही. २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झालेला हा ६६ किलोमीटरांचा छोटा मार्ग अर्ध्या तासाच्या आत नागासाकीस नेतो.

हे सारे आपल्याही दाराशी येऊ घातले आहे. मुंबई-अहमदाबाद ह्या ५०८ किलोमीटरांच्या, जपानी पद्धतीच्या मार्गाची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाली. त्याच्या बारा स्थानकांत विरार आहे आणि आमच्या पुष्कळ वाचकांचे वडोदराही आहे. त्या मार्गाकरिता ज्या शेतकरी कुटुंबांच्या जमिनी गेल्या, त्यांचे ऋण उद्याच्या प्रवाशाने विसरू नये.

मुलाने बोलाविले असेल तर आईबापांनी जावे. मुलांनीही केवळ तिकीट पाठवून मोकळे होऊ नये. गाडीचे नाव, डबा, आसन आणि उतरण्याच्या स्थानकाची वेळ मोठ्या मराठी अक्षरांत एका कागदावर लिहून द्यावी, आणि त्याखाली तेच जपानी लिपीत असावे, म्हणजे कोणासही दाखविता येईल. एवढ्या आधारावर आमची कोणतीही आजी निर्भयपणे प्रवास करील.

नागासाकी स्थानकापासून सव्वीस रक्तसाक्षींची निशिझाका टेकडी अगदी जवळ आहे. १९६२ साली, त्यांना संतपद मिळाल्यास शंभर वर्षे झाली तेव्हा, तेथे त्यांचे स्मारक उभारले गेले. ज्यांस तेथवर जाण्याचा योग येईल, त्यांनी हे शेवटचे थोडके अंतर वाहनाने न जाता पायी चालावे, आणि सव्वीस मूर्तींच्या रांगेत आपल्या वसईच्या बंधूस शोधून काढावे.