राऊळांच्या गावाचा नकाशा

वऱ्हाडातल्या जुन्या देवळांचा विषय निघाला की जाणती माणसं लासूरचा आनंदेश्वर नाही तर बार्शीटाकळीची कालिका सांगतात. बार्शीटाकळीच्या देवळात शके १०९८चा, म्हणजे इसवी सन ११७६चा शिलालेख आहे. ज्या हेमाद्रीपंडिताच्या नावावर आपण अशी सगळी देवळं सरसकट घालतो, तो यादवांच्या दरबारी मोठ्या पदाला चढला तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवण्याची विद्या त्याच्या कितीतरी आधी इथल्या कारागिरांच्या हातात मुरलेली होती. ही देवळं पाहावीतच. पण वऱ्हाडातलं एकच जुनं गाव पाहायला सवड असेल तर मी रिद्धपूरला जायला सांगेन. तिथं पाहण्याइतकंच वाचण्यासारखं आहे.

रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात, संत्र्याच्या बागांच्या मोर्शी तालुक्यात आहे. महानुभाव पंथीयांना ते काशीच्या ठिकाणी. इथं भेटणारा माणूस ‘दंडवत प्रणाम’ म्हणतो. श्रीगोविंदप्रभू जिथं बसले, जेवले, निजले, खेळले, ती प्रत्येक जागा म्हणजे ‘स्थान’. त्यावर ओटा बांधलेला असतो आणि यात्रेकरू त्यावर माथा टेकतात. गोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ, मूळचे जवळच्याच काटसुऱ्याचे. आईवडील लहानपणीच गेले आणि नातलगांनी त्यांना रिद्धपुरात वाढवलं. पुढचं सारं आयुष्य याच गावात गेलं. लोकांना ते वेडे वाटत, आणि तेच लोक त्यांना आपले मायबापही मानत. गावकुसाबाहेरच्या माणसांच्या घरी जाताना, त्यांच्या पाण्याची काळजी वाहताना त्यांनी विटाळाचा विचार केला नाही. तेराव्या शतकातल्या एका खेड्यात हे घडत होतं, याचं मोल आपण अजून पुरतं ओळखलेलं नाही.

या गावाचा रामटेकशी फार जुना संबंध आहे. रिद्धपुरात वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट सापडला. ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या राज्याच्या १९व्या वर्षी, रामगिरिस्वामीच्या पायाशी, म्हणजे रामटेकला, तिनं हे दान दिलं. काळ पाचव्या शतकाचा. त्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी गुजरातेतला एक राजपुरुष रामटेकच्या रामाला निघाला आणि वाटेत रिद्धपूरला थांबला. तिथं त्याला गोविंदप्रभू भेटले. त्यांनी हातातल्या खाण्यातला प्रसाद दिला आणि त्या प्रसादानं त्याला ज्ञानशक्ती लाभली, अशी पंथाची श्रद्धा आहे. तेच महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी. यात्रा रामटेकची होती, पण मराठीच्या दृष्टीनं खरा मुक्काम रिद्धपूरचा ठरला.

१२७४च्या सुमारास चक्रधरांनी उत्तरापंथे गमन केलं, म्हणजे ते उत्तरेकडे निघून गेले. त्यांच्या वियोगानं पोरकी झालेली मंडळी त्यांचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांच्यासोबत गोविंदप्रभूंच्या सेवेला रिद्धपूरला आली. इथं जे काम झालं त्याला मी मराठीतलं पहिलं संशोधन म्हणेन. म्हाइंभट हा विद्वान, एकेकाळी विद्येचा ताठा असलेला माणूस. त्यानं स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. प्रसंग ज्यानं पाहिला, ऐकला त्याच्यापर्यंत जायचं, त्याच्या तोंडून ऐकायचं, नागदेवाचार्यांना विचारून खात्री करायची आणि मग लिहायचं. त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ १२७८च्या सुमाराचा मानतात. गोविंदप्रभूंचं चरित्रही म्हाइंभटांचंच. गोविंदप्रभूंच्या मनानं लग्नाचा खेळ घेतला तेव्हा महदाइसेनं धवळे (लग्नगीतं) गायले. मराठीतली पहिली कवयित्री आपण तिला म्हणतो, आणि तिचे ते धवळे याच गावातले.

पुढे परचक्र आलं. १२९६ साली अलाउद्दीन खलजी देवगिरीवर गेला तो जवळच्याच एलिचपुरावरून, म्हणजे आजच्या अचलपुरावरून. नंतरच्या एका धाडीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली, असं परंपरा सांगते. ज्यांना ते मुखोद्गत होतं त्यांच्या आठवणीतून ते पुन्हा लिहिलं गेलं, म्हणूनच त्याचे निरनिराळे पाठ दिसतात. पुढे पोथ्या सांकेतिक लिपीत बंद राहिल्या. विसाव्या शतकात त्या उलगडल्यावर ह. ना. नेने, य. खु. देशपांडे, वि. भि. कोलते या विदर्भात राहून काम करणाऱ्या अभ्यासकांनी आयुष्य त्यांना दिलं.

या साऱ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती स्थानपोथी. युरोपात सांतियागोच्या यात्रामार्गावर रोमनेस्क शैलीची दगडी चर्चं गावोगाव उभी आहेत, आणि त्या वाटेनं जाणाऱ्यांसाठी बाराव्या शतकात लॅटिनमध्ये एक मार्गदर्शिका लिहिली गेली. तिच्यात मुक्काम, नद्या, चर्चं, सगळं सांगितलं आहे. आपल्याकडे तसंच पुस्तक मराठीत झालं. देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, दार कोणीकडे, पटिशाळा कुठं, दारवठा कुठं, जगती कशी, त्यातल्या कोणत्या जागी स्वामी बसले, असं स्थानपोथी गावामागून गाव सांगत जाते. भक्तानं भक्तासाठी ते लिहिलं. आज त्यातून यादवकाळच्या गावांची रचनाच हाती येते. रिद्धपुरावर तर नारायण बहाळिये यांचं ‘ऋद्धिपुरवर्णन’ हे स्वतंत्र काव्यही आहे. एका खेड्याचं इतकं बारीक वर्णन मध्ययुगीन भारतात किती ठिकाणी मिळेल?

म्हणून रिद्धपुरात राजमठ या मुख्य स्थानापासून निघताना हाती कोलत्यांनी संपादित केलेली स्थानपोथी असावी. बरीच बांधकामं पुन्हा पुन्हा नवी झाली आहेत, पण जागा हललेल्या नाहीत. लोकांनी देवळापेक्षा जागा जपली. श्रद्धेनं टिकवलेल्या या ओट्यांवर आता चकचकीत फरशी बसवायचा उत्साह सगळीकडेच दिसतो. त्याखाली जुना घडीव दगड असेल तर तो आधी मोजला, टिपला जायला हवा.

२०२३च्या अर्थसंकल्पात राज्य शासनानं रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ जाहीर केलं, आणि आता ते उभं आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी पहिल्याच वर्षी पोथी, मोजपट्टी आणि गावातलं एखादं जाणतं माणूस सोबत घेऊन प्रत्येक स्थानाची नोंद करावी: पोथीत काय, आज काय, दगड कुठला, दार कोणीकडे. म्हाइंभटांची पद्धत समोर आहेच. रिद्धपूर झालं की काटसुरे, मग रामटेकच्या वाटेवरची गावं.